साडेचोवीस कोटी डॉलर, 94 बाद

2019 च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाने इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची अंतिम मालिका, जिंकली. संघाचा हिरो होता पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, स्टीव्हन स्ट्रासबर्ग. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांमध्ये त्याच्या नावावर पाच विजय होते आणि एकही पराभव नव्हता (बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय एका पिचरच्या नावावर लागतो). अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्याचं वय होतं 31. डिसेंबरमध्ये क्लबने त्याच्याशी नवा करार केला: सात वर्षं, 24.5 कोटी डॉलर.

त्यानंतर 2020 मध्ये तो दोन सामने खेळला, 2021 मध्ये पाच आणि 2022 मध्ये एक. संपलं. आठ सामन्यांत मिळून 31 इनिंग आणि वर एक बाद. बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे एकूण 94 फलंदाज बाद. पूर्ण रकमेला 94 ने भागलं तर एका बादची किंमत साधारण 26 लाख डॉलर पडते.

हा हिशोब अमेरिकेत चेष्टेचा विषय झाला, आणि होणारच होता. ‘एवढा पैसा ओतायच्या आधी यांनी त्याचा हात तपासला नाही का?’ असं कुणालाही वाटेल. त्यांनी तपासला होता. त्या हाताची जितकी माहिती या क्लबला होती तितकी जगात कुणालाच नव्हती. 2009 मध्ये नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर त्यांनीच त्याला घेतलं होतं. जून 2010 मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने 14 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. 2012 मध्ये संघ विजेतेपदाच्या शर्यतीत असतानाही, हात जपायचा म्हणून क्लबने त्याला ऐन सप्टेंबरात घरी बसवलं. तो निर्णय क्रीडा पानांवर वर्षभर गाजला. ज्यांनी हात एवढा जपला त्यांनीच पुढे त्या हातावर सात वर्षं लावली. का लावली, हे नीट बघण्यासारखं आहे. पिचरचे दीर्घ करार वरून जुगारासारखे दिसतात, पण त्यांचं गणित वेगळं आहे.

आधी खेळापुरती तोंडओळख. पिचर म्हणजे साधारण आपला गोलंदाज. पण प्रत्येक क्रिकेट संघात चार-पाच गोलंदाज आलटून पालटून षटकं टाकतात, तर बेसबॉलचा ‘स्टार्टर’ सामना सुरू करतो आणि जमेल तितका वेळ एकटाच टाकत राहतो. मग चार-पाच दिवस विश्रांती. मेजर लीगच्या हंगामात प्रत्येक संघाचे 162 सामने असतात, त्यातले तीस-बत्तीस एका चांगल्या स्टार्टरच्या वाट्याला येतात. सामन्यात नव्वद-शंभर चेंडू धरले तर वर्षाला तीन हजारांच्या आसपास. सरावातले आणि सामन्याआधी हात गरम करायला टाकलेले वेगळे.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा विषय निर्माण होतो: मेजर लीगचे करार हमीचे असतात. सही झाली की पैसे द्यायचेच. खेळाडू जखमी झाला, फॉर्म गेला, क्लबने त्याला काढून टाकलं, तरी द्यायचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये असं नाही. तिथे नऊ आकडी करार जाहीर होतो, पण हमीचा बहुधा त्यातला काही भागच असतो. आपल्याकडे बीसीसीआयचा केंद्रीय करार एका वर्षाचा, दर वर्षी नवी यादी. म्हणून आपल्याला हे सात-नऊ-बारा वर्षांचे आकडे चमत्कारिक वाटतात. आपल्या जवळचं उदाहरण शोधायचं तर मुंबई इंडियन्सचं देता येईल. 2022 च्या लिलावात त्यांनी जोफ्रा आर्चरला 8 कोटी रुपयांना घेतलं, तो त्या हंगामात खेळणार नाही हे माहीत असताना. त्याच्या कोपराचंच दुखणं होतं. 2023 मध्ये तो पाच सामने खेळला आणि परत गेला. दोन वर्षांचा आणि 8 कोटींचा प्रश्न होता, म्हणून मुंबईकरांनी चार दिवस हळहळून विषय सोडला. त्याच प्रश्नाला सात वर्षं आणि 24.5 कोटी डॉलर जोडा.

आता कोपर. तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक हाडाचा उंचवटा आहे. दाराच्या चौकटीवर आपटला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तोच. त्या उंचवट्यापासून निघून खालच्या हाडाला धरणारा एक चिवट पट्टा असतो. दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या अशा पट्ट्याला लिगामेंट म्हणतात. लांबी जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी. पिचर हात मागे नेतो, खांदा पुढे झेपावतो आणि मनगट अजून मागेच राहिलेलं असतं, त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. ते उघडू न देणं हे या पट्ट्याचं काम.

या कामाचा भार मोजलेला आहे. वेगवान पिचरच्या कोपरावर त्या क्षणी साधारण 64 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. कोपर टेकवून पुढचा हात आडवा बाहेर धरायचा आणि मनगटाला 25 किलोचं धान्याचं पोतं टांगायचं, इतका हा ताण. प्रयोगशाळेत मृतदेहांतली लिगामेंट ताणून पाहिली तेव्हा ती साधारण 32 न्यूटन-मीटरलाच तुटली होती. म्हणजे हा पट्टा एकट्याने जेवढं सोसू शकतो त्याच्या दुप्पट भार प्रत्येक चेंडूला येतो. तरी तो पहिल्याच दिवशी तुटत नाही, कारण आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात. स्नायू दमले, किंवा क्षणभर उशिरा आवळले, की सगळं त्या पट्ट्यावर. खांद्याची गत याहून बरी नाही. चेंडू सुटताना दंड ज्या वेगाने आत वळतो तो सेकंदाला 7000 अंशांच्या घरात जातो. तोच वेग टिकला असता तर हात सेकंदात 19 गरके फिरला असता. माणसाच्या शरीराच्या मोजलेल्या हालचालींत ही सर्वांत वेगवान हालचालींपैकी एक आहे.

क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाचं कोपर यातून बरंच सुटतं, कारण नियमाने त्याला ते 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. म्हणून आपल्याकडे भार पाठीवर जातो. बुमराहची पाठ आठवा. बेसबॉलमध्ये मात्र कोपर वाकवून फेकणं हीच कला.

लिगामेंट तुटलं तर काय? 1974 पर्यंत उत्तर सोपं होतं: घरी जा. त्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचं लिगामेंट तुटलं. 25 सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या मनगटातली एक कंडरा काढली आणि डाव्या कोपरात, हाडांना भोकं पाडून, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी ओवली. यश येण्याची शक्यता शंभरात एक आहे, असं जोब यांचं मत होतं. जॉन 1976 मध्ये परतला आणि 1989 पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेआधी त्याचे 124 विजय होते, नंतर 164 झाले. आज ती शस्त्रक्रिया ‘टॉमी जॉन’ याच नावाने ओळखली जाते आणि इतकी सरावाची झाली आहे की ‘त्याचं टॉमी जॉन झालं’ असं लोक दाढ काढल्यासारखं बोलतात. पण परतायला बारा ते अठरा महिने लागतात. सात वर्षांच्या करारात एक टॉमी जॉन म्हणजे एक ते दीड हंगाम बाद, पूर्ण पगारी. दुसऱ्यांदा झालं तर परतीची खात्री आणखी कमी.

स्ट्रासबर्गला शेवटी कोपराने नाही, खांद्याजवळच्या भागाने संपवलं. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे त्या दाबल्या गेल्या तर हाताला मुंग्या येतात, बोटांतली पकड जाते. उपाय म्हणजे ती बरगडीच काढणं. 2021 मध्ये त्याची बरगडी काढली. टॉमी जॉननंतर पूर्वीसारखे परतलेले पिचर ढिगाने सापडतात. या शस्त्रक्रियेनंतरचे शोधावे लागतात.

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की हे दिवसेंदिवस वाढतंय. मेजर लीगने डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर स्वतःचाच मोठा अहवाल काढला. 2005 मध्ये पिचरांना दुखापतग्रस्तांच्या यादीत टाकण्याचे प्रसंग 212 होते. 2024 मध्ये 485. त्याच अहवालात सरळ वेगवान चेंडूची सरासरी 2008 मध्ये ताशी 91.3 मैल, म्हणजे 147 किलोमीटरच्या आसपास, आणि 2024 मध्ये 94.2 मैल, जवळजवळ 152 किलोमीटर. वेग वाढला की फलंदाजाला विचार करायला वेळ उरत नाही. म्हणून क्लब वेगाला पैसे देतात, म्हणून शाळेतली पोरंसुद्धा प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात. मोठा करार मिळवून देणारी गोष्ट आणि तो करार बुडवणारी गोष्ट एकच आहे. हात जपून टाकणाऱ्या पिचरला सात वर्षं कुणी देत नाही.

आता थोडं गणित. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा एखाद्या पिचरला कुठल्याही वर्षी मोठी दुखापत होण्याची शक्यता 15 टक्के आहे. हे ऐकायला फार वाटत नाही. 85 टक्के तो धडधाकटच राहणार. पण सलग तीन वर्षं धडधाकट राहण्याची शक्यता होते 61 टक्के. सात वर्षं? 32 टक्के. म्हणजे दर वर्षी ‘बहुतेक ठीक’ असलेला माणूस सात वर्षांच्या हिशोबात ‘बहुतेक मोडणार’ असतो. त्यात वय वाढतं, जुनी शिवण असते, त्यामुळे खरी शक्यता दर वर्षी तीच राहत नाही, वर सरकते. आणि इथे सरासरीचा आधारही नाही. विमा कंपनी लाखभर गाड्यांचा विमा उतरवते, त्यातल्या काही ठोकल्या जाणार हे तिला माहीत असतं आणि तिचा धंदा चालतो. क्लबकडे असे मोठे करार असतात दोन किंवा तीन. मोडणारा हात नेमका आपलाच निघाला तर सरासरी काय कामाची?

हे सगळं क्लबच्या मालकांना आणि त्यांच्या पगारी गणितज्ञांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळतं. तरी सह्या होतात. कारण पहिलं म्हणजे बाजार. मेजर लीगमध्ये खेळाडूला सहा वर्षं सेवा झाल्याशिवाय खुल्या बाजारात येता येत नाही. पहिली तीन वर्षं तर तो जवळपास किमान पगारावर राबतो. हा किमान पगार 2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर होता. तो ‘फ्री एजंट’ होतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो. हाताची सगळ्यात चांगली वर्षं स्वस्तात वापरून झालेली असतात. एकदाच येणाऱ्या या संधीला त्याचा एजंट सगळ्या क्लबांना एकमेकांशी भिडवतो. पाच वर्षांवर अडून बसलेल्या क्लबाला सहा देणारा हरवतो, सहाला सात. शेवटची दोन वर्षं ही त्या पिचरच्या क्षमतेचा अंदाज नसतातच. ती लिलाव जिंकण्याची किंमत असते. क्लब पहिल्या तीन-चार वर्षांसाठी माणूस घेतो आणि पैसे सात वर्षांत फेडतो. घराचं कर्ज पाच वर्षांऐवजी वीस वर्षांचं घेतलं की हप्ता हलका होतो, तसंच.

हप्त्याची उपमा मी उगाच देत नाही, कारण दुसरं कारण तेच आहे. मेजर लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा नाही, पण संघाचा एकूण पगार एका रेषेवर गेला की दंड बसतो. त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात. 2025 मध्ये ती रेषा 24.1 कोटी डॉलरवर होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50. फारच वर गेलात तर आणखी अधिभार. हा हिशोब करताना त्या वर्षी हातात दिलेले पैसे धरत नाहीत. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, अशी सरासरी धरतात. म्हणून 18 कोटींचा करार पाच वर्षांत बसवला तर दर वर्षी 3.6 कोटी मोजले जातात, आणि सात वर्षांत पसरवला तर साधारण 2.57 कोटी. पैसे तेच, माणूस तोच, पण दरसाल कोटभर डॉलरची जागा मोकळी होते. शेवटच्या दोन वर्षांत तो नुसता बाकावर बसला तरी हिशोब पूर्ण फसत नाही.

ही खेळी जुनी आहे, आणि फसणंही. फ्री एजंट हा प्रकार सुरू झाला त्याच पहिल्या मोसमात, 1976 च्या हिवाळ्यात, क्लीव्हलँडच्या संघाने वेन गारलंड या पिचरला दहा वर्षांसाठी 23 लाख डॉलर दिले. नुकतेच त्याने बाल्टिमोरसाठी 20 सामने जिंकले होते. पुढच्याच वसंतात, सरावात, त्याचा खांदा गेला. तो दुखऱ्या हाताने टाकत राहिला, मग शस्त्रक्रिया झाली. पाच वर्षांत 28 विजय, 48 पराभव, आणि क्लबने त्याला सोडलं. जवळपास पन्नास वर्षं झाली. तेव्हाही लोक म्हणाले होते की आता पिचरला इतकी वर्षं कुणी देणार नाही.

म्हणून खरा प्रश्न ‘तो जखमी होईल का’ हा नाही. होईल, असंच धरून चालायचं. झाल्यावर खर्च कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न आहे, आणि तो करारातल्या बारीक कलमांत सुटतो किंवा अडकतो.

माझं आवडतं कलम जॉन लॅकीचं. डिसेंबर 2009 मध्ये बोस्टन रेड सॉक्सने त्याला पाच वर्षांसाठी 8.25 कोटी डॉलर दिले. तपासणीत कोपराबद्दल शंका होती. क्लबने भाव पाडला नाही, वर्षंही कमी केली नाहीत. एक ओळ घातली. या कोपराच्या जुन्या दुखण्यामुळे तो बराच काळ बाहेर राहिला, तर क्लबला सहावं वर्ष किमान पगारात घेता येईल. 2011 च्या शेवटी त्याचं टॉमी जॉन झालं, 2012 पूर्ण गेलं, आणि ती ओळ जिवंत झाली. 2014 मध्ये बोस्टनने त्याला सेंट लुईसला दिलं, आणि करारासोबत ते स्वस्त वर्षही गेलं. 2015 मध्ये सुमारे 5 लाख डॉलरच्या मूळ पगारावर त्याने सेंट लुईससाठी 218 इनिंग टाकल्या. त्याच्या तोडीच्या पिचरला बाजारात तेव्हा कोटीच्या वर मिळत होते. ओळ लिहिली बोस्टनने, मलई खाल्ली सेंट लुईसने. सिएटल मरिनर्सनेही 2013 मध्ये फेलिक्स हर्नांडेझच्या 17.5 कोटींच्या करारात कोपराबद्दल असंच कलम घातलं होतं: शस्त्रक्रियेमुळे फार काळ गेला तर आणखी एक वर्ष 10 लाख डॉलरमध्ये.

दुसरा मार्ग सरळ नाही म्हणण्याचा. डिसेंबर 2015 मध्ये जपानी पिचर हिसाशी इवाकुमा आणि डॉजर्स यांच्यात तीन वर्षं, 4.5 कोटी डॉलर असं ठरलं होतं. वैद्यकीय तपासणीनंतर डॉजर्सनी हात आखडता घेतला. जुन्या क्लबने, सिएटलने, त्याला एक वर्ष दिलं आणि पुढची वर्षं कामगिरीवर ठेवली: इतक्या इनिंग टाकल्या तर करार आपोआप वाढेल. 2016 मध्ये पठ्ठ्याने 33 सामने सुरू केले, 199 इनिंग टाकल्या. डॉजर्सचे डॉक्टर सगळ्यांच्या तोंडी. 2017 मध्ये तो फक्त सहा सामने खेळला, खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि मेजर लीगमध्ये पुन्हा कधी दिसला नाही. डॉक्टर बरोबर होते, फक्त एक वर्ष लवकर.

विमा? मिळतो. पण विमा कंपन्याही बेसबॉल बघतात. आधी दुखावलेला भाग वगळणं, मुदत करारापेक्षा कमी ठेवणं आणि मोठ्या वयाच्या पिचरला हप्ता असा सांगणं की क्लबने हसून परत जावं, हे नेहमीचं. स्ट्रासबर्गच्या कराराचा विमाच उतरवला नव्हता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. मार्च 2023 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा एडविन डियाझ पोर्टो रिकोकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक खेळत होता. सामना जिंकल्यावर नाचताना त्याच्या गुडघ्याची कंडरा तुटली आणि अख्खा हंगाम गेला. 10.2 कोटींचा त्याचा करार काही महिन्यांपूर्वीच झाला होता. त्या वर्षीचा पगार स्पर्धेच्या विम्यातून निघाला, कारण स्पर्धेचा विमा वेगळा असतो. हाच नाच मेट्सच्या मैदानावर झाला असता तर सगळा खर्च क्लबवर.

आणि एक कलम खेळाडूच्या बाजूचं, ‘ऑप्ट-आउट’. ठरलेल्या वर्षांनंतर खेळाडूला करार सोडून बाजारात जाता येतं. हात चांगला असेल तर तो जातो आणि जास्त मिळवतो. हात मोडला असेल तर तो मुकाट राहतो आणि ठरलेले घेतो. छापा पडला तरी त्याचा, काटा पडला तरी त्याचाच. स्ट्रासबर्गनेही हेच केलं होतं. 2019 मध्ये त्याच्या जुन्या कराराची चार वर्षं आणि 10 कोटी डॉलर शिल्लक होते. ते सोडून त्याने सात वर्षं आणि 24.5 कोटी घेतले. वॉशिंग्टनचा खरा तोटा मोजायचा तर मोजदाद त्या जुन्या कलमापासून करायला हवी.

एवढं सगळं सांगूनही अंदाजाचं काय, तर फारसं काही नाही. मासाहिरो तानाका 2014 मध्ये सात वर्षांच्या, 15.5 कोटींच्या करारावर न्यूयॉर्क यँकीजकडे आला आणि पहिल्याच जुलैत त्याचं लिगामेंट अर्धवट फाटलेलं सापडलं. सगळे म्हणाले, कापा. त्याने कापलं नाही, विश्रांती आणि उपचार घेतले, आणि त्याच कोपराने सातही वर्षं पूर्ण केली. क्रिस सेलचं उलट. 2019 च्या वसंतात बोस्टनने त्याला पाच जादा वर्षांसाठी 14.5 कोटी दिले. 2020 मध्ये टॉमी जॉन. 2022 मध्ये आधी बरगडीला तडा, मग फलंदाजाने मारलेला चेंडू लागून बोट मोडलं, मग सायकलवरून पडून मनगट. बरगडीवर, बोटावर, सायकलवर कुठलं कलम लिहिणार? चार वर्षांत तो 31 सामने खेळला. कंटाळून बोस्टनने त्याला अ‍ॅटलांटाला दिलं, वर 1.7 कोटी डॉलरही दिले. मूळ करार जिथे संपायचा होता त्या 2024 मध्ये सेलने 18 सामने जिंकले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. अ‍ॅटलांटाच्या टोपीत.

जेकब डिग्रॉमचं अजून विचित्र. 34 व्या वर्षी, आधीची दोन वर्षं दुखापतींत गेलेली असताना टेक्सास रेंजर्सने त्याला पाच वर्षांचे 18.5 कोटी दिले. 2023 मध्ये सहा सामने खेळून त्याचं दुसऱ्यांदा टॉमी जॉन झालं. त्याच्याविना टेक्सासने त्याच वर्षी आपली पहिली वर्ल्ड सीरिज जिंकली. 2024 मध्ये तीन सामने. लोकांनी करार खर्ची टाकला होता. 2025 मध्ये, 37 वर्षांचा होऊन, त्याने 30 सामने सुरू केले.

आणि पिचर नको, फलंदाज घ्या, असं म्हणणाऱ्यांसाठी: 2019 च्या त्याच डिसेंबरात, त्याच आठवड्यात, स्ट्रासबर्गच्याच एजंटने वॉशिंग्टनचाच दुसरा हिरो, फलंदाज अँथनी रेंडन, लॉस एंजेलिस एंजल्स या संघाकडे पाठवला. सात वर्षं, 24.5 कोटी डॉलर. आकडासुद्धा तोच. त्यानंतर 162 सामन्यांच्या कुठल्याही हंगामात रेंडन 58 च्या वर सामने खेळला नाही.

स्ट्रासबर्गचा शेवट कागदपत्रांत अडकला. स्वतःहून निवृत्ती घेतली की उरलेल्या पैशांवरचा हक्क जातो. म्हणून हात संपलेले खेळाडू निवृत्त होत नाहीत, कागदोपत्री ‘जखमी’ राहतात. ऑगस्ट 2023 मध्ये तो निवृत्त होणार अशी बातमी आली. सप्टेंबरात पत्रकार परिषदही ठरली, आणि रद्द झाली. तीन वर्षांचे 10.5 कोटी कसे आणि कधी द्यायचे यावर घोडं अडलं होतं. हंगामात जखमी खेळाडूला वेगळ्या यादीत टाकून 40 जणांच्या संघातली जागा मोकळी करता येते, पण हिवाळ्यात ती यादीच नसते, त्यामुळे न टाकणारा पिचर संघात जागा अडवून बसतो. क्लबलाही ते सुटायला हवं होतं. तडजोड होऊन एप्रिल 2024 मध्ये तो अधिकृतपणे निवृत्त झाला.

तोवर बाजार पुढे गेला होता. डिसेंबर 2023 मध्ये डॉजर्सनी योशिनोबु यामामोटो या 25 वर्षांच्या जपानी पिचरला, त्याने मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नसताना, बारा वर्षांसाठी 32.5 कोटी डॉलर दिले. कलमं मात्र शिकलेल्या हातांनी लिहिली होती: कोपराची मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा कोपरामुळे तो फार दिवस बाहेर बसला, तर त्याचे ऑप्ट-आउट दोन-दोन वर्षं पुढे सरकतात. पहिल्याच वर्षी खांद्याने त्याला जवळजवळ तीन महिने बाहेर ठेवलं. दुसऱ्या वर्षी, 31 ऑक्टोबर 2025 च्या रात्री, टोरांटोत वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना त्याने 96 चेंडू टाकून जिंकून दिला. पिचरला यानंतर चार-पाच दिवस हात वर करायचा नसतो. दुसऱ्या रात्री सातव्या सामन्यात, जादा इनिंगच्या तोंडावर, डॉजर्सनी पुन्हा त्यालाच बोलावलं. त्याने आणखी 34 चेंडू टाकले. डॉजर्स 5-4 ने जिंकले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू यामामोटो ठरला. त्याच्या कराराची तेव्हा अजून दहा वर्षं बाकी होती.